वाल्मिकचे तीन शर्ट

लोधिवलीच्या वाल्मिकला खोपोलीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि पहिल्याच पगारात गड्यानं एका ताग्यातून तीन शर्ट शिवून घेतले. तिन्ही राखाडी, तिन्हींना तीच बटणं. रंग मळखाऊ, म्हणून कारखान्यात चालतो. लग्नात उठून दिसत नाही, मयताला खुपत नाही. बाह्या सोडल्या की पुऱ्या, दुमडल्या की अर्ध्या. शहाण्याला आणखी काय लागतं? पण गाव कुठं शहाण्यांचं असतं! लोकांनी तीन शर्ट पाहिले आणि एकच मोजला.

ही बातमी चौकला पोचली. तिथल्या बायजाशी त्याचं लग्न जमत आलं होतं, आणि करीन तर हिच्याशीच, असं त्यानं आईला तोंडावर सांगून ठेवलं होतं. आता एका शर्टाच्या माणसाला पोरगी कशी द्यायची म्हणून तिकडच्यांनी हात आखडता घेतला. शेवटी बायजाची आत्या गौराबाई घर बघायला आली. बाई मोठी खट.

वाल्मिकच्या आईनं, सोनाबाईनं, धुण्याचा विषयच निघू नये म्हणून पाहुणी यायच्या आधीच दोरीवरचे दोन शर्ट काढून ट्रंकेत ठेवले. वर पोराला दम भरला, "इहिरीवर स्वतः धुणं धुतोस, ते बोलू नको. बायकांची कामं करतो म्हनून हसतील."

वाल्मिक राखाडी शर्ट घालून समोर बसला. गौराबाईनं बशीत चहा ओतला, निवू दिला, आणि बशी नेमकी त्याच्या छातीवर कलंडली.

"हात थरथरला रं बाबा," ती म्हणाली. कसला थरथरतोय! "जा, बदलून ये."

तो आत गेला आणि तसाच राखाडी शर्ट घालून बाहेर आला. गौराबाईनं उठून त्याची छाती चाचपली.

"सुकला कवा ह्यो?"

वाल्मिकनं ओला शर्ट आणला, ट्रंकेतला तिसराही आणला आणि दोन्ही तिच्या पुढ्यात ठेवले. तिनं कॉलरी उलट्यापालट्या करून बघितल्या. मळाचा डाग नव्हता. मग मात्र बाईला हसू आवरेना.

"झालं ना समाधान?" सोनाबाई म्हणाली.

"एक राह्यलं. आमची पोरगी म्हनाली, शर्ट एक असूं दे नायतर धा, त्यो धुतो कोन, तेवढं इचारून ये."

वाल्मिकनं आईकडे पाहिलं. ती डोळ्यांनीच नको नको म्हणत होती. खोटं बोलावं तर लग्न जमेल, असं त्यालाही क्षणभर वाटलं. पण उद्या बायजा घरात आली की विहिरीवर दिसणारच होतं.

"मीच धुतो," तो म्हणाला.

सोनाबाईनं कपाळाला हात लावला.

"पोरीनं सांगितलं व्हतं," गौराबाई म्हणाली. "आई धुते म्हनाला, तर उठून निघून ये."

वाल्मिकचा जीव भांड्यात पडला. गौराबाईनं रिकामी बशी सोनाबाईपुढे सरकवली.

"ओत गं इहीणबाय. मगाचा चहा मी प्यालेच नाय."