फाटकावरचं ठळक अक्षर

आमच्या विक्रोळीच्या चाळीत ह्यांचं अक्षर कोण ओळखत नाही? दारांवरच्या पाट्या ह्यांच्या, सत्यनारायणाचा फळा ह्यांचा, कोणी गेलं तर त्याचं नावही ह्यांनीच रंगवायचं. चपट्या ब्रशाचं जाड, भारदस्त अक्षर; काना खाली उतरला की टोकाला तिरका पाय. लांबून वाचलं तरी घरचं माणूस बोलतंय असं वाटायचं.

ह्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा आमच्या मुलीने, श्रुतिकाने, ह्यांच्याकडून अख्खी बाराखडी कागदावर काढून घेतली आणि कॉम्प्युटरवर तिचा फॉन्ट केला. नाव ठेवलं ह्यांचंच, 'दशरथ'. मी पेढे वाटले. ह्यांनी एवढंच बजावलं, "मथळ्याला वापर. बारीक मजकुराला नको, अक्षराच्या पोटात काळं भरतं, वाचता येत नाही."

श्रुतिका साकीनाक्याला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. गेल्या महिन्यात आमच्या फाटकावर चाळ पाडून नवी इमारत बांधू पाहणाऱ्या बिल्डरचा फ्लेक्स लागला: 'आमची चाळ, आमची संमती!' ह्यांच्याच अक्षरात. अटी मात्र खाली, मुंगीएवढ्या, दुसऱ्याच कसल्या टायपात. नव्या घराचं माप करारात लिहून मिळेपर्यंत सही करू नका, असं हेच तर दारोदार सांगत फिरत होते. माझं डोकंच फिरलं.

"कोणी केलं हे?" मी श्रुतिकाला विचारलं.

"मी. बिल्डरच्या माणसाला बाबांचंच अक्षर हवं होतं. म्हणे लोकांचा त्यावर विश्वास आहे. नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती ना, आई!"

"म्हणून बापाचा हात विकलास?"

ती रडायला लागली.

संध्याकाळी शेजारच्या विमलावहिनी आल्या, मागे चाळीतली आणखी माणसं. मला वाटलं, आता भांडण होणार.

"भावजी, फाटकावरचं तुम्हीच लिहिलंत ना?"

ह्यांनी श्रुतिकाकडे पाहिलं. खरं सांगितलं तर चाळ पोरीला जगणं नकोसं करणार, हे मलाही कळत होतं.

"होय," हे गावाकडच्या बोलीत म्हणाले. "अक्षर माझाच आसा."

"मग झालं तर!" विमलावहिनींनी सुस्कारा सोडला. "तुम्हीच राजी, तर आम्ही कशाला अडून बसायचं? उद्याच सही करून टाकते."

मागच्यांनीही माना डोलावल्या. नवरा गेल्यापासून विमलावहिनींकडे त्या एका खोलीशिवाय काही नाही. हे बोलायला गेले, थांबले, पुन्हा श्रुतिकाकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

मग मीच पुढे झाले. "थांबा वहिनी. ह्यांनी काही लिहिलेलं नाही. ते कॉम्प्युटरचं आहे, माझ्या पोरीने केलंय. ह्यांची संमती नाही, तुम्हीही देऊ नका."

"श्रुतिकाने?" विमलावहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. "तुला मी ह्या हातांनी न्हाऊ घातलंय गं."

त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सही कोणी केली नाही. फ्लेक्स सकाळी उतरवला गेला. श्रुतिका नाहूरला मैत्रिणीकडे राहायला गेली, जाताना माझ्याशी बोलली नाही. कोणी पुन्हा विचारलं तर मी तेच सांगेन. पण फोन वाजला की माझा जीव धावतो, आणि वाजलेला फोन दरवेळी ह्यांचाच असतो; ती बोलते ती बापाशीच.