ताईंसाठी सरकती खोली

दुर्गजवळच्या कोहक्याच्या दत्तमंदिरात यंदाच्या कीर्तन सप्ताहाचे यजमान होते सूर्यकांत निखाडे आणि त्यांच्या पत्नी नीरजावहिनी. कीर्तनाला भंडाऱ्याहून सिंधुताई येणार होत्या. ताईंचा आवाज अजून घंटेसारखा, पण गुडघे पार गेलेले. मंदिराची पाहुण्यांची खोली माडीवर, निखाड्यांचं घरही वरच्या मजल्यावर. ताईंना जिने चढायला लावायचे कसे, या विचारात सगळे असताना सूर्यकांतभाऊंनी नागपूरच्या पुतण्याला, सुमंतला, फोन केला. सुमंत प्रवाशांना चालती घरं, म्हणजे आत राहता येईल अशा मोठ्या गाड्या, भाड्यानं देतो. त्यातलंच एक त्यानं आठवडाभरासाठी पाठवलं.

गाडी मंदिराच्या मैदानात शिरली आणि अख्खी वस्ती गोळा झाली. आत स्वयंपाकाचा ओटा, न्हाणी, बसायला बाकं. पण नवल होतं ते वेगळंच. बटन दाबलं की गाडीची एक भिंत पलंगासकट बाहेर सरकायची आणि चांगली खोली तयार व्हायची.

"पहिले लेव्हल, मंग खोली," सूर्यकांतभाऊ जो येईल त्याला सांगत होते. "चाकाले ओट लावाची, गाडी सरकाले नाही पाहिजे, जॅकच्या खाली फळ्या टाकाच्या, पाणसळ पाहाची. बुडबुडा मधात आला का मंगच खोली काढाची. अन् खोली बाहेर असताना जॅकले हात नाही लावाचा. लेव्हल बिघडली तं पहिले खोली आत."

हे सगळं सुमंतनं सांगितलेलं. पण भाऊंची सारी नोकरी प्लांटमध्ये मशिनी सपाट बसवण्यात गेलेली, त्यामुळे ते आता त्यांचंच झालं होतं.

"भाऊ, तुम्हीच कीर्तनाले उभे राहा आता," पेटीवाले केवलराम म्हणाले. "आख्यान तं पाठ आहे तुमचं."

गाडी बोअरवेलजवळच्या सिमेंटच्या ओट्यावर उभी केली होती. बुडबुडा अगदी मधोमध. भाऊ खोली काढणार, तेवढ्यात मंडळाच्या जयाकाकू आत डोकावल्या आणि त्यांनी गालाला हात लावला.

"अगं बाई! ताई झोपतीन तं पाय कोठी येतीन?"

सगळ्यांनी मान वळवून पाहिलं. पलंगाचं पायथं नेमकं गाभाऱ्याकडे. दत्तमहाराजांकडे पाय करून कीर्तनकार झोपणार! भाऊंनी जॅक उचलले, चाकांखालच्या ओटी काढल्या आणि गाडी उलटी फिरवली. मात्र फिरवताना पुढची बाजू ओट्याच्या खाली उतरली. तिथं पावसाळ्यात नळाची लाईन टाकायला नाली खोदली होती आणि वरून नुसती माती लोटली होती. भाऊंनी घाईत जॅक तिथंच टेकवले.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. दुर्ग स्टेशनवरून ताई आल्या. औक्षण झालं. ताई काठीवर भार देऊन उभ्या होत्या, तोंडावर हसू, पण पाय थरथरत होते.

"अहो," नीरजावहिनी हळूच म्हणाल्या, "पाणसळ पाहा एकदा. ह्या बाजूनं फळ्या नाही ठेवल्या तुम्ही."

एवढे लोक बघत होते. ताई उभ्या होत्या. भाऊंना ते नको झालं.

"तुले काय समजते त्याच्यातलं? पोळपाट आहे का हा?"

लोक हसले. भाऊंनी बटन दाबलं, भिंत सरकत बाहेर आली, टाळ्या पडल्या. ताईंना हात धरून आत नेलं. वहिनी ओव्याचं तेल कोमट करून ताईंच्या गुडघ्यांना चोळायला पलंगाशी बसल्या.

भाऊ बाहेर आले आणि त्यांना पायरीवर ठेवलेली पाणसळ दिसली. बुडबुडा पार कोपऱ्यात जाऊन बसलेला. आता नियमानं खोली आत घ्यायला हवी होती, म्हणजे ताईंना पुन्हा उठवायला हवं होतं. सगळ्यांसमोर. ज्यांना दुपारभर शिकवलं त्यांच्याच समोर. भाऊंनी मनाशी म्हटलं, जॅकनं गाडी जराशी उचलून घेऊ, कोणाला कळणार आहे? आणि दाराजवळच्या पेटीतलं जॅकचं बटन दाबलं.

गाडी वर गेलीच नाही, जॅक मातीत घुसला. गाडी एका अंगावर कलली, सरकत्या खोलीची चौकट कर्रकन पिळली आणि खोली तिरपी होऊन अडकली. आतून तांब्या गडगडल्याचा आवाज आला, मग वहिनींची किंकाळी.

लोक धावले. ताईंना आणि वहिनींना दारातून बाहेर घेतलं. दोघींना काही लागलं नव्हतं, पण ताईंचं लुगडं पाण्यानं भिजलं होतं आणि वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं भाऊ?" केवलरामांनी विचारलं. "बटन कोणं दाबलं?"

जॅकचं तसंच बटन आतही होतं, पलंगाजवळ. तेच भाऊंना आठवलं.

"नीरजाचा हात लागला वाटते आतून."

बोलून गेले आणि लगेच वाटलं, मागं घ्यावं. पण शब्द गेला होता.

"भाभी, टीव्हीचं रिमोट समजल्या का?" कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा.

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. एकदाच. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "हो. मायाच हात लागला असन."

सिंधुताईंनी ओल्या लुगड्याचा सोगा पिळला.

संध्याकाळी कीर्तन उभं राहिलं. ताई खुर्चीत बसूनच बोलत होत्या, पण चिपळ्या वाजल्या आणि त्या थकल्या बाईचं कुठं काही उरलं नाही. आवाज वर चढायचा, मंडप त्याच्यामागं जायचा, समेवर साऱ्या माना एकदम डोलायच्या. असं कीर्तन लागलं की माणसाला आपला देह कळत नाही म्हणतात. भाऊंना मात्र आपले कानसुद्धा कळत होते, ते तापले होते. शेजारी वहिनी टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्या हातांना ओव्याच्या तेलाचा वास येत होता.

त्या वासानं भाऊंच्या एकदम ध्यानात आलं. वहिनींचे हात तेव्हा कुठं होते, हे ताईंना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.

पूर्वरंग संपला. आता यजमान जोडप्यानं कीर्तनकाराला हार घालायचा, बुक्का लावायचा. भाऊ हार घेऊन पुढं गेले. ताईंनी मान वाकवली आणि पेटीच्या सुराआड, फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "बाबू, तुया बायकोचे हात माया गुडघ्यावर होते रे."

बस, एवढंच. मग त्यांनी बुक्क्यासाठी कपाळ पुढं केलं.

भाऊंनी बुक्का लावला. खाली उतरायचं सोडून ते माइकपाशीच थांबले. लोकांना वाटलं, आभार मानतील. केवलरामांनी पेटीचा सूर धरून ठेवला.

"ते बटन," भाऊ म्हणाले, "मी दाबलं. नीरजा तं ताईंचे पाय चोळून राहिली होती. तिनं पहिलेच सांगतलं होतं पाणसळ पाहा म्हणून. मी नाही ऐकलं. अन् मंग तिच्यावर ढकललं. मी खोटं बोललो."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पुढच्या रांगेतल्या बाया वहिनींकडे बघू लागल्या. वहिनींनी मान खाली घातली, जणू चूक त्यांचीच होती, आणि ते भाऊंना सगळ्यांत जास्त लागलं.

"चला उतरा," वहिनी नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. "ताईंले पुढचं सांगू द्या."

ताईंना सभामंडपातच गादी घालून दिली. थंडी होती. वहिनी त्यांच्या सोबतीला राहिल्या. भाऊ घरी निघाले तेव्हा त्यांनी घरी ठेवलेल्या जेवणाच्या डब्याचं तेवढं सांगितलं, दुसरं काही नाही.

सकाळी भाऊंनी सुमंतला फोन करून सगळं खरं सांगितलं आणि जाड फळ्या घेऊन मैदानात आले. पाहतात तर वहिनी आधीच पाणसळ धरून उभ्या. केवलरामही होते. फळ्या सारून, जॅकनं थोडं थोडं उचलून गाडी सरळ व्हायला बराच वेळ लागला.

"आता दाबू का खोलीचं?" भाऊंनी वहिनींना विचारलं.

"थांबा."

भाऊंनी बटनावरचं बोट काढून घेतलं.

"हं. आता."

खोली कुरकुरत आत गेली. एका कडेचं रबर तेवढं फाटलं होतं. मग गाडी पुन्हा सिमेंटच्या ओट्यावर घेतली, काल आधी होती तशीच, पलंगाचं पायथं गाभाऱ्याकडे करून. उलटी लावली तर पुढची बाजू पुन्हा मातीवर उतरणार होती, टणक जागा दुसरी नव्हतीच. ओटी, फळ्या, पाणसळ. मग खोली.

"आता पायाचं काय कराचं?" भाऊ पुटपुटले. त्यांना काही सुचत नव्हतं.

ताई काठी टेकत आत गेल्या. पलंगावर टेकल्या. उशी उचलली आणि पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. डोकं देवाकडे, पाय फाटकाकडे.

"एवढ्यासाठी फिरवली होती का रे गाडी?" त्यांनी विचारलं.

केवलराम तोंड दाबून बाहेर पळाले. भाऊ उशीकडे बघत राहिले. कानांच्या पाळ्या पुन्हा तापल्या. आणि मागून वहिनींचं हसू फुटलं, कालपासूनचं पहिलं, दाबूनही दाबेना असं. भाऊंनी मागं वळून पाहिलं नाही. हिंमतच झाली नाही. ते तसेच उभे राहून ते हसू ऐकत होते.