शून्य माणसांची हजेरी

आमच्या सालिनोग शहराची सगळी माहिती देणारं एक पुस्तक दर तीन वर्षांनी निघतं. निळा पुठ्ठा, पहिल्या पानावर मेयरचा हसरा फोटो, मग नकाशा, मग नुसती कोष्टकं: कुठल्या भागात किती माणसं, किती होड्या, किती शाळा, किती शौचालयं. हौसेनं ते कोणी वाचत नाही. पण शहरात धक्का बांधायचा असो की नळ टाकायचा, सगळ्यांना आधी तेच उघडावं लागतं. जे त्या पुस्तकात नाही, ते सरकारच्या लेखी शहरातही नाही. एकोणतीस वर्षं ते पुस्तक मी टाइप करत आले. माझं नाव नेनिता अबारकेझ, सगळे नेनिंग म्हणतात, वयाने लहान असलेले मानांग, म्हणजे ताई. नियोजन खात्यात माझ्याइतकं जुनं फक्त भिंतीवरचं घड्याळ आहे, आणि ते बंद पडलंय.

यंदा आमचे नवे साहेब, इंजिनिअर काबातिंगन, यांनी वस्तीचा तक्ता माझ्या टेबलावर ठेवला आणि दुपारपर्यंत टाइप करून द्या म्हणाले. मी टाइप करत करत खाली आले आणि बाखावानच्या ओळीवर बोटं थांबली. बाखावान म्हणजे खाडीच्या तोंडाशी, खारफुटीत, खांबांवर उभी असलेली त्रेसष्ट घरांची वाडी. त्रेसष्टचा आकडा बरोबर होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘घरे रिकामी. लोकसंख्या: शून्य.’

तक्ता घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. "इंजिनिअर, इथं काहीतरी गडबड आहे."

"काय गडबड? मी स्वतः गेलो होतो, मानांग. अकरा फेब्रुवारीला, सकाळी आठ ते अकरा. एक माणूस दिसला नाही. एक लंगडा कुत्रा होता, त्याला धरायचं का?"

मला हसू फुटलं. साहेब डोंगराकडचे, त्यांना काय कळणार! "अहो, त्या दिवशी मोठी ओहोटी होती. पाणी मैलभर मागे हटतं. मग घरात कोण बसेल? तान्ह्या पोरांसकट सगळी वाडी कालवं आणि शिंपल्या वेचायला बाहेर पडते. दाराला दोरी बांधतात आणि जातात. दुपारी जायचं होतं तुम्ही."

साहेबांनी वही पुढे ओढली. "मोठी ओहोटी," ते म्हणाले. "असं असतं होय? दर महिन्याला?"

"दर महिन्याला. भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या कॅलेंडरात तारखा लाल केलेल्या असतात."

"बरं झालं सांगितलंत," असं म्हणून त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. शून्य मात्र खोडलं नाही.

हे सगळं मला कसं ठाऊक, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी त्याच वाडीत जन्मले. एकोणिसाव्या वर्षी लग्न करून शहरात आले तेव्हा इथली माणसं आम्हाला चिखलपाये म्हणायची. नोकरीच्या पहिल्या अर्जावर पत्त्याच्या रकान्याशी मी जरा थांबले, मग लिहिलं, ‘चर्चमागची गल्ली’. तेव्हापासून जन्माचं गाव विचारलं तरी मी तेच सांगत आले. याची मला लाज वाटते, आणि ती इथे सांगून टाकलेली बरी.

दुसऱ्या दिवशी मेयरने मला वर बोलावलं. मेयर व्हिलाफ्लोर म्हणजे आमच्या शहरातलं तिसऱ्या पिढीचं राज्य. तिच्या वडिलांनी मला नोकरीला लावलं. माझ्या लेकीच्या लग्नात ती निनांग होती, म्हणजे धर्माची आई म्हणून वेदीपाशी उभी राहिली होती. आमच्याकडे असं नातं जन्मभर वागवावं लागतं. तिने मला खुर्ची दिली, कॉफी दिली, जावयाची चौकशी केली. मग म्हणाली, "नेनिंग, एका शून्यासाठी कशाला डोकं फोडतेस?"

"मेयर, तिथं माणसं आहेत."

"मला माहीत नाही का? पण ऐक. तिथे भराव घालून मोठं बंदर होतंय. वस्ती आहे असं लिहिलं की आधी त्यांची संमती, मग त्यांना घरं, मग कोर्ट. दहा वर्षं गेली. वस्ती नाही म्हटलं की उद्या काम सुरू."

"आणि त्या माणसांचं काय?"

"त्यांना मी बघेन. या हातानं मी कधी कोणाला उपाशी परत पाठवलंय? स्वतःलाच विचार." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "तुझ्या निवृत्तीला चार वर्षं राहिलीत ना? नीट पार पडू देत."

मी होकारार्थी मान हलवली. खरंच हलवली. जिना उतरताना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाली आणि मी घरी न जाता होडीत बसून बाखावानला गेले. मानांग लुमिंगच्या घराची शिडी चढले. लुमिंग चौऱ्याहत्तर वर्षांची. वाडीतल्या पोरांची वजनं करायची, लस टोचायला नर्स आली की नावं लिहून द्यायची, हे काम ती पंचावन्न वर्षं करतेय. तिच्या मेणकापडात गुंडाळलेल्या वहीत वाडीतला प्रत्येक जीव आहे. माझंही नाव जुन्या वहीत आहे, वजनासकट. ती माशांची खवलं काढत बसली होती.

"आल्या का चर्चमागच्या बाईसाहेब!" तिने वर न बघताच म्हटलं. "चप्पल काढू नका हं, पाय मळतील."

"मानांग, टोमणे नंतर मार. आधी ऐक."

मी सगळं सांगितलं. तिने खवलं काढणं थांबवलं नाही. "म्हणजे मी शून्य? बरं झालं. माझा गुडघाही शून्य झाला असेल, उगाच चोळत बसते."

"थट्टा नको करूस. हे पुस्तक छापायच्या आधी जाहीर सभा घ्यावीच लागते, कायदाच आहे तसा. तिथे कोणी काही बोललं नाही की शून्य कायम होणार. बारा मार्चला, सकाळी नऊला आहे."

लुमिंग उठली आणि खांबाला ठोकलेल्या कॅलेंडरापाशी गेली. बारा मार्च लाल होता. वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी. तिने विचारलं, "ही तारीख कुणी काढली गं?"

साहेबांच्या वहीतली ती ओळ डोळ्यांपुढे आली. "त्यांना मीच सांगितलं, मानांग. मीच मूर्खासारखं हसत हसत सांगितलं."

मला वाटलं ती आता शिव्या घालणार. मला त्या हव्याच होत्या. पण तिने कोयता बाजूला ठेवला आणि विचारलं, "सभेला गेलं की काय करावं लागतं?"

"काही नाही. दारात कागद असतो. नाव, पत्ता, सही. सही केली की खाऊचं पाकीट मिळतं."

"आणि त्या कागदाचं पुढे काय होतं?"

या प्रश्नाचं उत्तर एकोणतीस वर्षं माझ्या हाताखाली होतं आणि मला कधी दिसलं नव्हतं. आमच्या सरकारात सभा कशीही होवो, हजेरीचा कागद हरवला तर ती झालीच नाही असं धरतात. "तो इतिवृत्ताला जोडतात," मी म्हटलं. "आणि इतिवृत्त पुस्तकाला. सभेच्या शेवटी मला तो मोठ्याने वाचावा लागतो. त्याच्याशिवाय पुस्तक मंजूर होत नाही."

लुमिंगने बोळकं दाखवत माझ्याकडे पाहिलं. "मग तू पेनं जास्त आण. बाकी आम्ही बघतो."

बारा मार्चला सभागृहात साठ खुर्च्या आणि साठ पाकिटं होती: अंडं घातलेला पाव आणि अननसाच्या रसाचा छोटा डबा. नऊ वाजता चौतीस कर्मचारी, पाद्री, शाळेचे मास्तर आणि काही व्यापारी मिळून पंचेचाळीस डोकी झाली. साहेबांनी पडद्यावर नकाशा लावला. बाखावानच्या जागी कोरी करकरीत पांढरी जागा होती. ते खुशीत दिसत होते.

सव्वानऊला जिन्यावर पावलं वाजली. आधी वास आला, खाऱ्या चिखलाचा, आणि माझे डोळे भरून आले. मग माणसं आली. सरळ ओहोटीतून आली होती. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, डोक्यावर विणलेल्या टोप्या, कमरेला शिंपल्यांच्या टोपल्या, त्यांतून पाणी ठिबकतंय. मेयरच्या मेण लावलेल्या लाकडी फरशीवर पावलांचे ठसे उमटत गेले. पुढे लुमिंग, काठी टेकत.

साहेब लगबगीने माझ्या टेबलाशी आले. "मानांग, कागद आत ठेवा. पाकिटं संपली म्हणा."

"पाकिटं खरंच कमी आहेत," मी म्हटलं.

"मग झालं. निदान पत्ता तरी लिहू देऊ नका. नुसतं ‘शहर’ लिहा."

मी बारा कोरे कागद काढले, रेघा आधीच मारून आणलेले, आणि लुमिंगपुढे सरकवले. "मानांग, पाव थोडेच आहेत," मी मोठ्याने म्हटलं.

"पाव घाल तुझ्या साहेबाच्या तोंडात," लुमिंग त्याहून मोठ्याने म्हणाली. "मला पेन दे."

तिने नाव लिहिलं. पत्ता लिहिला, बाखावान, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत. मग रांग लागली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी शाईच्या डबीत अंगठा बुडवला. चिखल आणि शाई मिसळून ठसे उठत होते. साहेब पुन्हा पडद्यापाशी गेले, पण त्यांचं बोलणं कोणी ऐकत नव्हतं. ते ओठ हलवत डोकी मोजत होते.

मेयर मात्र कसलेली. कॅमेरावाला समोर होता. ती हसत खाली उतरली, लुमिंगपुढे वाकली, तिचा हात धरून आपल्या कपाळाला लावला. वडीलधाऱ्यांना आम्ही असाच मान देतो, आणि मेयर निवडणुकीत दिवसाला शंभरदा देते.

"देव तुझं भलं करो, पोरी," लुमिंग म्हणाली. हात तिने सोडवून घेतला नाही. "पण हा हात कुणाचा गं? तुझ्या पुस्तकात तर बाखावानात कुणीच राहत नाही. गेल्या साली मतं मागायला आलीस तेव्हा माझ्या ताटात जेवलीस. तेव्हा आम्ही दीडशे मतं होतो. पोट भरलं आणि आम्ही संपलो होय?"

मागच्या रांगेतले कर्मचारी हसले आणि लगेच खोकले. पाद्री छताकडे बघायला लागले. मेयरचं हसू जागच्या जागी होतं, पण मान लाल झाली होती. ती व्यासपीठावर परत गेली आणि म्हणाली, "बराच वेळ झाला. सगळ्यांच्या सूचनांची नोंद घेतली जाईल. नेनिंग, हजेरी वाच आणि सभा संपव. थोडक्यात वाच."

मी उभी राहिले. कागद ओले होते, एकमेकांना चिकटत होते. मी वाचलं, "शहर कार्यालय, चौतीस. चर्च, शाळा आणि व्यापारी, अकरा. बाखावान, एकशे त्रेसष्ट."

"चूक!" इंजिनिअर काबातिंगन ताडकन उठले. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. "मेयर, ही बाई आकडा फुगवतेय. मी स्वतः मोजलेत, एकेक डोकं मोजलंय. बाखावानचे एकशे बासष्टच आहेत!"

टोपल्यांतून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. मग कुठल्यातरी कोपऱ्यात एक बाई खुदकन हसली आणि सगळा हॉल फुटला. साहेबांना आपण काय बोललो ते कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते खुर्चीत हळूच बसले.

"साहेबांचं बरोबर आहे," मी म्हटलं. मी मेयरकडे बघितलं, जिच्या बापाने मला भाकरीला लावलं, जी माझ्या लेकीच्या लग्नात उभी राहिली. तिला ठाऊक होतं मी काय बोलणार. ती मानेनेच नको म्हणत होती. "खारफुटीतून आलेले एकशे बासष्ट. एकशे त्रेसष्टावी मी. मी बाखावानची आहे, मेयर. जन्मापासून. शून्य टाइप करायला तुम्हाला माझ्या जागी दुसरी बाई बघावी लागेल."

पुस्तक चार महिने अडकलं. निघालं तेव्हा त्यात बाखावानपुढे दोनशे सत्त्याऐंशी लिहिलेलं होतं, लुमिंगच्या वहीतून जसंच्या तसं घेतलेलं. बंदराचा बेत काही मेला नाही. गाळ उपसणारं जहाज खाडीच्या तोंडाशी अजून उभं आहे. पण आता त्याला दोनशे सत्त्याऐंशी माणसांना विचारावं लागेल, आणि मी वाडीत जाऊन सगळ्यांना ‘नाही’ कसं लिहायचं ते शिकवतेय. लुमिंग म्हणते, अक्षर माझ्यासारखं घाबरट नको.

मला सभेच्या आठवड्यातच खाटीकखान्याच्या कार्यालयात धाडलं. तिथे दिवसभर डुकरं किंचाळतात आणि पंखा नाही. लेकीच्या घरी मेयरकडून नाताळची टोपली येते, ती यंदा आली नाही. रुजू झाले त्या सकाळी तिथल्या कारकुनाने नवा अर्ज पुढे केला: नाव, हुद्दा, जन्मगाव, पत्ता. माझ्या चपलांना रविवारचा चिखल वाळून चिकटला होता, तो फरशीवर गळत होता. कारकुनाने खाली बघून नाक मुरडलं.

"झाडू मारा नंतर," मी म्हटलं आणि पेन उघडलं. जन्मगावाच्या रकान्याशी मी या वेळी थांबले नाही.