एकशे चाळीस पावलं

“दाभण कुटं ठिवलंय गं?” बाबांनी मोरीतूनच विचारलं.

मी कपाटावरून दाभण काढून दिलं. पोती शिवायचं ते दाभण आमच्या घरात बाबांच्या नोकरीइतकंच जुनं. बाबा उंबऱ्यावर बसले, पट्टा मांडीवर धरला आणि आधीच्या भोकापासून दोन बोटं सोडून दाभण आत दाबलं. वर्षभरातलं हे चौथं भोक.

समोरच्या दारात बजाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“रावजीभावजी, पट्टा कमी आन् भोकंच जास्त झाली की!”

“आणखी चार पाडतो आन् चाळण म्हणून तुमाला देतो,” बाबा म्हणाले. पट्टा आवळला, पांढरे कॅनव्हासचे बूट घातले आणि बोळातून चालू पडले. स्कूटर भिंतीला टेकून तशीच उभी. शुक्रवार पेठेतून मार्केट यार्डापर्यंत हा माणूस आता रोज पायी जात होता.

ते गिरणीपलीकडे वळले तशी बजाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

“पूनम, बघ बाई. माज्या दिराचं असंच झालं हुतं. पन्नाशी उलटल्यावर बूट घेतलं, भात सोडला, केस काळं केलं. सा म्हयन्यांत वैरागची एक करून आणली.”

“बाबांनी केस काळे केलेले नाहीत, मावशी.”

“करतील की. दम धर जरा.”

मी हसले नाही. आई जाऊन तेरा महिने झाले होते.

बाबा कांद्याच्या बाजारात तोलार. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या मालाचं वजन केलं. तरुणपणी हमाल होते, पाठीवरून पोती वाहायचे. मग काट्यावर बसायला लागले आणि बसूनच राहिले. काट्याशेजारी चहा, भजी, पुन्हा चहा. मी लहान असताना दर वाढदिवसाला मला यार्डात नेऊन काट्यावर उभं करायचे आणि सगळ्या हमालांना ऐकू जाईल असा आकडा ओरडायचे. माझी उंची आमच्या घरात कुणी मोजली नाही, वजन मात्र सोळाव्या वर्षापर्यंतचं पाठ होतं. नंतर मीच जायचं बंद केलं. स्वतः बाबा कधी काट्यावर चढत नसत. आई म्हणायची, “जगाचं वजन करताय, एकदा सोताचं करा की.” ते पोट चोळत म्हणायचे, “काटा मोडंल.”

आणि आता आई नव्हती, तेव्हा हे सुरू झालं होतं.

आधी मला आजाराचा संशय आला. बायको गेल्यावर माणूस खंगतो, हे मी वाचलेलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वाचायला कमी नसतं. पण खंगलेला माणूस असा जेवत नाही. बाबा ताट वाढून घेताना दीड भाकरी मोजून घ्यायचे, त्यावर पालेभाजी, वाटीभर आमटी, मोड आलेली मटकी. शेंगाचटणी सोडली नव्हती, पण चमचा एकच. चहा बिनसाखरेचा. रात्रीचं जेवण साडेसातला, साडेनऊला दिवा बंद. तरी मी त्यांना दवाखान्यात नेलं. सगळे रिपोर्ट चांगले आले. साखरसुद्धा पहिल्यापेक्षा उतरलेली. डॉक्टर म्हणाले, “महिन्याला दीड किलो, बरोबर चाललंय. घाई करू नका.” म्हणजे बाबा त्यांच्याकडे आधी येऊन गेले होते. मला न सांगता.

मग मी कपाटं तपासली. वजन उतरवायची पावडर विकणारे पेठेत दोन जण आहेत. पावडर सापडली नाही. पण आईच्या कप्प्यातला एक कागद जागेवर नव्हता. ती जाण्याच्या आठ दिवस आधी आम्ही तिचं बीपी तपासून आणलं होतं, त्याचा केसपेपर. तिच्या साड्यांच्या घडीखाली मीच तो ठेवला होता. तिच्या नावाचा तिच्या हयातीतला शेवटचा कागद.

साड्यांची घडी पुन्हा नीट घातलेली होती. म्हणजे ज्यानं कागद काढला, त्याला तो काढलेला दिसू द्यायचा नव्हता.

मी बाबांना विचारलं नाही. मी लक्ष ठेवायला लागले. स्वतःच्या बापावर पाळत ठेवताना माणसाला किती बारीकसारीक दिसतं, याची मला कल्पना नव्हती. रविवारी यार्ड बंद, तरी ते सहाला बाहेर पडायचे आणि नऊला यायचे, सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

“कुठं गेला होता?”

“तळ्यावर. फिराय.”

“सिद्धेश्वर तळ्यावर?”

“मग काय उजनी धरणावर जातो व्हय?”

मोरीत त्यांनी सदरा टाकला होता. छातीवर ज्यूटचे धागे चिकटलेले. आदल्या रात्री पुसलेल्या बुटाच्या तळाला कांद्याची लाल सालं. तळ्यावर कांदे नसतात.

पुढच्या रविवारी ते गेल्यावर मी अर्धा तास थांबले आणि स्कूटर काढली. आधी तळ्यावर गेले. एक बाई आणि पांढरे बूट घातलेला माणूस बाकावर बसलेले दिसले. जवळ गेले तर ते कुणी दुसरेच नवरा-बायको होते, डब्यातले पोहे खात होते. मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो रागच. सापडले नाहीत म्हणून.

यार्डाच्या फाटकातून आत शिरले तेव्हा सगळं ओस होतं. दोन कुत्री, रिकाम्या ट्रॉल्या, हवेत कालच्या कांद्याचा दर्प. बाबांच्या शेडजवळ स्कूटर बंद केली आणि आतून त्यांचा आवाज ऐकू आला.

“…एकशे नऊ… एकशे धा…”

मी खांबाआड उभी राहिले.

बाबा शेडच्या त्या टोकाकडून इकडे येत होते. दोन्ही हातांवर पोतं आडवं घेतलेलं. हमाल पोतं पाठीवर घेतात. हातांवर कुणी घेत नाही. मानेच्या शिरा ताठ, पावलं आखूड, पण एकासारखी एक. काट्यापाशी टॉवेल घेऊन रेवणप्पा उभा होता. बाबांच्या हमालीच्या दिवसांपासूनचा सोबती, अक्कलकोटकडचा, मधूनच कानडी शब्द टाकणारा.

“एकशे एकोणचाळीस… एकशे चाळीस.”

बाबा थांबले. हमाल पोतं टाकतात तसं त्यांनी ते टाकलं नाही. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. पोतं हळूच जमिनीवर ठेवलं आणि झोपलेल्या माणसाच्या मानेखालून काढावा तसा हात काढून घेतला.

“झालं की ओ!” रेवणप्पा म्हणाला. “एकदाबी ठिवलं नाही खाली. आता साकु, बास करा.” आणि मग त्याला मी दिसले. “अय्यय्यो. पोरगी आली.”

बाबांनी मान वळवली. पकडल्यासारखा चेहरा झाला.

“तू कशाला आलीस हितं?”

“तळ्यावर नव्हतात तुम्ही.”

ते टॉवेलनं तोंड पुसत राहिले. लागतं त्यापेक्षा जास्त वेळ.

“आईचा कागद कुठं आहे, बाबा?”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तो काढला. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला होता. नाव, वय, बीपीचे दोन आकडे आणि त्याखाली निळ्या शाईत वजन. अठ्ठावन्न किलो.

मी जमिनीवरच्या पोत्याकडे पाहिलं.

“मी यांना म्हणतो, पाठीवर घ्या, हलकं जातंय,” रेवणप्पा म्हणाला. “ऐकत नाहीत. इस किलोपास्नं अठ्ठावन्नपर्यंत चढवत आणलंय. आडतदारानं हा पडून ऱ्हायलेला माल दिलाय यांच्यासाठी. त्याला वाटतं, व्यायाम करत्यात.”

“रेवण्या, च्या सांग जा,” बाबा म्हणाले.

“आज बंद हाय की सगळं.”

“मग बघ जा कुटं चालू हाय का.”

तो गेला. बाबा पोत्याशेजारीच बसले. माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

“मी तुला सांगितलं, त्या दिशी आईला दवाखान्यात न्यायला रिक्षा उशिरा आली. रिक्षा येळंवर आल्ती. बोळात शिरत न्हाई म्हणून चौकात हुबी हुती. दुपारची येळ, समदी कामावर, बजाबाई वैरागला गेल्याली. मीच उचलली तुज्या आईला.” ते थांबले. “दारापास्नं चौक एकशे चाळीस पावलं हाय. दोनदा खाली ठिवली, पूनम. एकदा गिरणीपाशी, एकदा नळापाशी. दमच निघंना. ऐंशी ऐंशी किलोची पोती वाह्यलेला माणूस मी.”

बाहेर कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं.

“नळापाशी काय म्हणली म्हाईत हाय? म्हणली, ‘बसा जरा. घाई न्हाई.’”

हे तेरा महिने त्यांनी एकट्यानं धरलं होतं. आणि मी त्यांच्या सदऱ्यावरचे धागे मोजत होते. मला काहीतरी बोलायचं होतं. दोन-पाच मिनिटं लवकर पोचून काय झालं असतं, ते कुणालाच सांगता येत नाही, असलं काहीतरी. पण ते वाक्य पुस्तकातलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. पोत्यावर हात ठेवला. ज्यूट अजून त्यांच्या अंगानं कोमट होतं.

मग ते उठले. गुडघ्यांवर हात न टेकता उठले, हे मला तेव्हा दिसलं.

“हुबी ऱ्हा,” काट्याकडे बोट करून म्हणाले.

“काय?”

“ऱ्हा की. लई वर्सं झाली.”

मी चपला काढून काट्यावर चढले. लाल आकडे थरथरले आणि थांबले. त्रेसष्ट. त्यांनी आकडा ओरडला नाही. नुसता बघितला, मान हलवली आणि पोत्याचं तोंड सोडून शेजारच्या ढिगातले कांदे आत टाकायला लागले. एक, दोन, मग ओंजळभर. मला कळायला क्षण लागला: पोतं आता माझ्या वजनाचं होणार होतं.

“बाबा, नका टाकू.”

ते टाकतच होते.

“बाबा. पाच किलो मी कमी करते.”

हात थांबले. तोलाराच्या नजरेनं त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तोंडी सौद्यावर विश्वास ठेवावा की नाही असं.

“म्हयन्याला दीड,” ते म्हणाले. “जास्त न्हाई. भाकरी दीड. उद्या साडेपाचला उटायचं.”

“उठते.”

“काल सातला उटलीस.”

“उठते म्हटलं ना.”

त्यांच्या हातात दोन कांदे राहिले होते. ते त्यांनी तळहातावर जरा वेळ तोलले, आणि परत ढिगावर ठेवून दिले.