वरवंट्याचं बारसं

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे आणि मध्यंतरी काही दिवस मी बाळही होतो. हसू नका. माझं बारसं झालं आहे, मला काजळाची तीट लागली आहे आणि मला नाचणीची आंबील भरवण्यात आली आहे. इतके लाड तुमच्या गावातल्या कुठल्या दगडाचे झाले असतील तर मला कळवा.

माझा जन्म एका काळ्या कातळातून झाला. पाथरवटाने टाकीचे घाव घालून मला गोल केलं. माझ्याच कातळातून त्याने पाटाही घडवला, म्हणून पाटा माझा थोरला भाऊ. खोडाळ्याच्या बाजारात लाडकी नावाच्या नव्या नवरीने आम्हाला विकत घेतलं. पाटा तिने डोक्यावर घेतला आणि मला कडेवर. मी लहान चणीचा असल्यामुळे मला कडेवर बसायला मिळालं, आणि भाऊ त्यावरून पुढे कितीतरी वर्षं कुरकुरत होता.

लाडकीच्या हाताखाली मी खूप काम केलं. मिरची, लसूण, सुकट, खुरासणी, सगळं माझ्या पोटाखालून गेलं. खुरासणीची चटणी वाटायला बसलो की शेजारची रंगू हातात भाकरी घेऊनच यायची. “वयनी, चटनी तुझ्याच घरची,” म्हणायची. कौतुक लाडकीचं व्हायचं, पण मी ते आपलंच समजत असे. लाडकीला कुठे कळत होतं!

मग लाडकीचा मुलगा कमलेश मोठा झाला, खोडाळा ते मोखाडा जीप चालवू लागला आणि त्याने घरी मिक्सर आणला. मिक्सर म्हणजे नुसता आरडाओरडा. पण सगळे त्याच्याभोवती जमले आणि मला बाहेर पडवीत नेऊन कोंबडीच्या डालग्यावर ठेवलं, पिल्लं पळू नयेत म्हणून. ज्याने या घराला चव दिली त्याच्या डोक्यावर कोंबडी बसू लागली. नुसती बसली असती तरी चाललं असतं.

अशा दिवसांत कमलेशच्या बायकोला, प्रमिलाला, दुसरं मूल झालं. माघात झालं म्हणून लाडकीने, म्हणजे आता आजीने, त्याला माघ्या म्हटलं. कमलेशने मोबाइलवरून एक लांबलचक नाव शोधलं होतं, पण ते आजीच्या तोंडात बसेना, आणि हाक मारायचं काम तर तिच्याकडेच होतं.

पहिलं मूल म्हणजे पारू. वय असं की चालते म्हणावी तर पळते आणि बोलते म्हणावी तर ओरडते. कालपरवापर्यंत घरातली झोळी तिची होती, आईची कूस तिची होती. आता आई आतल्या खोलीत बाळाला घेऊन निजायची आणि पारू आजीजवळ. बाळ बघायला येणारी प्रत्येक बाई दारातच पारूला विचारायची, “काय गो, आता आये तुझी नाय, बालाची झाली ना?” मग सगळ्या हसायच्या. पारू फ्रॉकचं टोक तोंडात घालून उभी राहायची. बायकांना वाटायचं, पोर किती समजूतदार आहे.

बारशाच्या दिवशी लाडकी पडवीत आली आणि तिने मला डालग्यावरून उचललं. मला वाटलं, मिक्सर मेला. पण नाही. तिने मला ऊन पाण्याने धुतलं, तेल लावलं, हळदकुंकू लावलं. मग कुंची घातली आणि काजळाची तीट लावली. आमच्याकडे रीत आहे, बाळाच्या आधी झोळीत वरवंटा घालायचा. पोर दगडासारखं टणक व्हावं आणि लोकांची पहिली नजर दगडाला लागावी, म्हणून. बायकांनी मला झोळीच्या वरून दिलं, खालून घेतलं, गाणं म्हटलं आणि आत निजवलं. लुगड्याची ती मऊ झोळी, तो झोका! मित्रांनो, जन्मभर मिरची वाटलेल्या माणसाला कधी झोका मिळतो का?

पण लगेच मला उचलून बाहेर काढलं आणि खऱ्या बाळाला आत घातलं. मला कोपऱ्यात भुईवर ठेवलं आणि सगळ्या जणी झोळीकडे वळल्या. त्या कोपऱ्यात आणखी कोणीतरी होतं. पारू. तिने माझ्याकडे पाहिलं, झोळीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ह्यालाही काढलं, हे तिला नीट समजलं असावं. तिने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं, “माजा बाल!”

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले, म्हणजे लाड. आजी पाय लांब करून पायांवर माघ्याला अंघोळ घाली, तर पारू शेजारी बसून आपल्या चिमुकल्या पायांवर मला घेई. तिच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या, पण तिने मला खाली ठेवलं नाही. माघ्याला शेक, तर मला शेक. माघ्याला धुरी, तर मला धुरी. आंबील भरवून माझं तोंड पुसायला ती विसरायची, आणि मग मुंग्या यायच्या.

“आये, ही दगडाला दूध पाजते!” कमलेश कपाळाला हात लावून म्हणाला.

“पाजू दे,” लाडकी म्हणाली. “दगडाला काय बाधत नाय.”

पण पारू माघ्याजवळ जात नव्हती आणि आईजवळही येत नव्हती. प्रमिला हात पुढे करायची, “ये गो पारू,” म्हणायची. पारू मला उचलून पडवीत निघून जायची. एकदा तिच्यामागे प्रमिला रडली. बाळाने रडवलं म्हणून नव्हे, पारू रडत नाही म्हणून. मला हात असते तर मीच पारूला उचलून आईच्या पुढ्यात ठेवली असती.

एके दुपारी पोशेऱ्याहून प्रमिलाचा भाऊ रूपेश आला, कोंबडी घेऊन. कोंबडी कापली, कांदा-खोबरं भाजलं, आणि वीज गेली. मिक्सर गप्प झाला. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! लाडकी माझ्याकडे आली, पण पारू आडवी झाली.

“निजला तो!”

“अगो, मसाला वाटायचा हाय.”

“निजला!”

मामाने बिस्कीट दाखवलं. कमलेशने मोबाइल दाखवला. पारूने मला फडक्यात आणखी घट्ट गुंडाळलं. कमलेश रंगूकडे वरवंटा मागायला धावला, तर तिचा वरवंटा पाण्याच्या पिंपाखाली टेकू म्हणून बसवलेला, आणि पिंप तर भरलेलं. शेवटी लाडकीने तांब्याच्या बुडाने मसाला चेचला. जेवताना रूपेशच्या दाताखाली अख्खी मिरी कडाडली, डोळ्यांत पाणी आलं, तरी “झ्याक झालाय रस्सा,” म्हणाला. पाहुणा खरोखरच सज्जन होता.

फक्त निघताना त्यानेही तेच केलं. चप्पल घालता घालता हसून म्हणाला, “पारू, चल पोशेऱ्याला. तुझ्या आयेला आता तू कशाला पायजे? नवा बाल हाय ना तिला!”

सगळे हसले आणि त्याला पोचवायला जीपपर्यंत गेले. प्रमिला मागच्या बाजूला भांडी घासत होती. माघ्या झोळीत निजला होता. घरात फक्त पारू आणि मी.

पारूने बसायचा पाट ओढत झोळीशी आणला. मला उचललं आणि पाटावर चढली. मला कळलं ती काय करणार आहे. तिला तिच्या बाळाला झोळीत घालायचं होतं, बस्स. आत दुसरं बाळ आहे, याचा तिला राग नव्हता. तिला फक्त आपल्यालाही जागा हवी होती. तिने मला झोळीच्या वर धरलं. तिचे हात थरथरत होते. खाली माघ्याचं कपाळ दिसत होतं, टाळू अजून भरायची होती. मित्रांनो, माझं वजन मला माहीत आहे. मिरचीचं काय होतं तेही माहीत आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला दगड असल्याची भीती वाटली.

इतक्यात प्रमिला ओल्या हातांनी दारात आली. तिने पाहिलं. ती ओरडली असती तर पारू दचकली असती आणि मी सुटलो असतो. ती ओरडली नाही. तिथेच दारात ती खाली बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “पारू, तुझा बाल उठला कां गो? आन इकडं. मी घेते त्याला.”

पारूने वळून पाहिलं. “तू घेशील?”

“घेते ना. दे.”

पारू मला छातीशी धरून पाटावरून उतरली आणि आईजवळ आली. प्रमिलाने मला मांडीवर घेतलं आणि थोपटलं. तेवढ्यात माघ्या उठून रडू लागला. मला तसंच काखेत मारून तिने त्याला झोळीतून काढलं आणि पुन्हा बसली. एका मांडीवर तो, दुसऱ्या मांडीवर मी.

पारू समोर उभी राहिली. तिने माघ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग तिने मला दोन्ही हातांनी ढकललं. मी गडगडत भिंतीपाशी गेलो. आणि माझ्या जागेवर पारू बसली. आईच्या छातीवर डोकं टेकून ती रडली, इतक्या दिवसांचं सगळं रडली. माघ्या तर आधीपासूनच रडत होता, आता प्रमिलाही रडू लागली. घरात न रडणारा मी एकटाच होतो, आणि तेही दगड आहे म्हणून.

संध्याकाळी लाडकीने मिरची-लसूण काढला. आईच्या मांडीवर रेललेल्या पारूला तिने भीत भीत विचारलं, “पारू, तुझा बाल घेऊ कां गो वाटायला?”

पारूने आजीकडे अशी नजर टाकली, जणू म्हातारीला काहीच कसं कळत नाही.

“आजी,” ती म्हणाली, “तो दगड हाय.”

असं माझं बाळपण संपलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण पाट्यावर मिरची पडली आणि भाऊ म्हणाला, “आलास का बाळा?” मग दोघेही कामाला लागलो.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागत नाही. जोवर अधूनमधून वीज जाते, तोवर मला काम आहे. एवढंच करा, कुणाच्या घरी बाळ बघायला गेलात तर दारात उभ्या असलेल्या मोठ्या पोराला “तुझी आई आता तुझी नाही” असं गमतीतही म्हणू नका. तुम्ही हसून घरी जाता. ते पोर ते खरं मानून तिथेच राहतं.