दारातला टाटा

त्या वर्षी आमच्या घरात थकवा इतका साचला होता, की दार उघडायचं तर आधी तो खांद्याने बाजूला लोटावा लागे. माझ्या सुनेची जांभई सकाळी स्वयंपाकघरात सुरू व्हायची, साहेबांना लागायची, त्यांच्याकडून मला, आणि संध्याकाळी ती कामावरून परतली की तीच जांभई दारात तिची वाट बघत उभी असायची. खोटं वाटत असेल तर माझ्या मुलाला विचारा. तो ट्रक घेऊन लांबच्या फेऱ्यांवर असतो, त्यामुळे सापडायचा नाही, ती गोष्ट वेगळी.

साहेब म्हणजे माझा नातू. वर्षाचाही झाला नव्हता. बोलणं फुटलं नव्हतं, पण सगळा कारभार हातांवर चाले. दोन्ही हात वर, म्हणजे उचला. मुठीची उघडझाप, म्हणजे दिवा लावा. नळाकडे बोट, म्हणजे पाण्यात खेळायचंय. आणि मान जोरात हलली की समोरच्याने चमचा खाली ठेवून हार मानायची.

सून एका मोठ्या लाँड्रीत कामाला. हॉटेलांच्या चादरी गरम रुळांतून काढायच्या, दोघींनी टोकं धरून घड्या घालायच्या, दिवसभर उभ्याने. उजाडताच निघायची. दारात वळून साहेबांना टाटा करायची आणि दिवेलागणीला परतायची. तोवर साहेब पेंगुळलेले. चार घास खाऊन तिच्या मांडीवर आडवे. सुट्टीच्या दिवशी ती झोपलेली. त्याचा दिवस कसा गेला हे तिला मीच सांगायचो, त्याच्या हातवाऱ्यांचे अर्थ लावून.

"आज पोस्टमनकडे बोट केलं. म्हणाला, याचं लग्न ठरलंय, मुलगी याच्याहून उंच आहे."

"आणखी?"

"नळाकडे केलं. म्हणाला, वॉशर गेलाय, आजोबांनी किती वेळा सांगायचं."

"आणि साखरेच्या डब्याकडे बोट करून म्हणाला असेल, आजोबांच्या चहात एक चमचा वाढवा."

"तू होतीस की काय तिथे?"

ती डोळे मिटूनच हसायची. तेवढ्या हसण्यासाठी मी दुपारभर जुळवाजुळव करायचो.

मग एका संध्याकाळी ती दारात आली, आणि तिला बघून साहेबांनी हात हलवला. टाटा. ती एक चप्पल काढलेली, एक पायातच, अशी उभी राहिली.

"अरे, मी आत्ता आलेय," ती म्हणाली.

साहेबांनी आणखी जोरात हलवला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

"बाबा, हा मला घालवून देतोय."

मला अर्थ सुचला नाही. माझ्या बाबतीत हे फारसं होत नाही.

सुनेची थोरली बहीण दुसऱ्या गावी राहते. तिची मुलं मोठी झालेली, घर ऐसपैस, मन त्याहून. वर्षभर बाळाला माझ्याकडे ठेव, अंगावरचा भार तरी हलका होईल, असं ती कधीची म्हणत होती आणि सून नाही म्हणत होती. त्या दिवशी सुनेनेच फोन लावला. रविवारी गाडी घेऊन ये, म्हणाली. फोन ठेवून माझ्याकडे न बघता बोलली, "त्यालाच मी नको असेन, तर मी कुणासाठी ओढून धरू?"

त्यानंतर मी साहेबांवर डोळा ठेवून होतो. दुपारी बाल्कनीत तिचा कामाचा एप्रन वाळत होता. साहेब रांगत गेले आणि एप्रनला टाटा केला. आता एप्रन कुठे जाणार होता? मग तिच्या उशीत नाक खुपसलं आणि उशीला टाटा. थोड्या वेळाने पलंगाचा पाय कपाळाला लागला. टेंगूळ आलं, रडून लाल झाले, आणि हुंदके देत बंद दाराकडे हात हलवायला लागले.

माणूस लागल्यावर निरोप देतो का? हाक मारतो.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आई त्याला जागेपणी दिसायची ती दारात, हात हलवताना. बाकीची आई झोपेत जायची, त्याच्या नाहीतर तिच्या. त्याच्या लेखी आई म्हणजेच तो हलणारा हात.

संध्याकाळी मी सुनेला सगळं सांगितलं, काहीही न वाढवता. तिने ऐकून घेतलं.

"बाबा, परवा त्याला पोस्टमनचं लग्न कळत होतं," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी करता, ते समजतं मला. पण आज नको."

 मी उठून तिचं ताट वाढायला घेतलं.

रविवारी थोरली आली. दुपटी, बाटली, टोपी, सगळं पिशवीत भरून झालं. सून तोंड धुते म्हणून न्हाणीघरात गेली ती बाहेरच येईना. थोरलीने साहेबांना कडेवर घेतलं, गाडीची किल्ली वाजवून दाखवली. साहेबांनी खोलीभर बघितलं. ओठ वाकडा झाला. मग न्हाणीघराच्या बंद दाराकडे बघून ते रडायला लागले आणि हात हलवायला लागले.

"अगं, ऐकलंस का?" थोरली हसून म्हणाली. "टाटा करतोय. निघायची घाई झालीय साहेबांना."

दार उघडलं. सून ओल्या चेहऱ्याने उभी. तिला बघताच साहेबांचा एक हात आणखी जोरात हलायला लागला आणि दुसरा तिच्याकडे लांब ताणला गेला, इतका की थोरलीला तोल सावरावा लागला.

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघत होतो. एक शब्द बोललो असतो, तर तेही माझंच रचलेलं ठरलं असतं.

ती पुढे आली. त्याच्यासमोर उभी राहून तिने हळूच हात हलवला, आणि गेली नाही. साहेब रडता रडता थांबले, आणि तिच्या गळ्यात पडले.

"म्हणजे मी काय रिकामी गाडी घेऊन जाऊ?" थोरली म्हणाली.

"चार दिवस राहा ना, ताई. मला जरा झोपू दे."

थोरली राहिली. नळाचा वॉशरही तिनेच बदलला. मग ती गेली, लाँड्री होती तिथेच राहिली, आणि थकवा पुन्हा दाराला टेकून बसायला लागला. फक्त सून आता संध्याकाळी आत येताना टाटा करते. समोरच्या बिऱ्हाडाला वाटतं, ही बाई रोज घरात येऊन घर सोडून जाते.

परवा ती साहेबांना घेऊन बसली होती. त्यांनी माझ्या कपाकडे बोट केलं.

"काय म्हणतोय गं?" मी विचारलं.

"म्हणतोय, आजोबांची साखर बंद करा," ती म्हणाली, आणि पुढचं काही सांगायच्या आत तिला बसल्या बसल्या झोप लागली.