हेर दाभाडेंची खुर्ची

नाट्यगृहाच्या गार्डरोबमध्ये, कोट-बूट ठेवायच्या दालनात, बाकावर बसून ऊर्मिलानं बर्फातले बूट काढले, पिशवीतल्या चपला पायात सरकवल्या आणि साडीच्या निऱ्या झटकल्या. काठावर चिखलाचे दोन-चार शिंतोडे उडाले होतेच. बसथांब्यापासून नाट्यगृहापर्यंतची चढण तिनं दोन्ही हातांनी साडी उचलून पार केली होती, आणि रस्त्याकडेच्या कॅफेतून माणसं माना वळवून बघत होती. बघू देत, असं तिनं त्या चढावरच ठरवून टाकलं होतं. कोट आणि बूट काउंटरपलीकडच्या बाईंच्या हाती देऊन ती आरशासमोर उभी राहिली. चाळिशी कधीच ओलांडलेली, निळ्या इरकलीतली, एकटी. वाईट दिसत नव्हती.

शुक्रवारी ती नेकारसुल्महून निघाली होती. एक मुक्काम केम्प्टनला, एक प्फ्रोन्टेनला, आणि आज सकाळी बसनं हे तळ्याकाठचं गाव. जर्मनीत येऊन इतकी वर्षं झाली, पण हॉटेलच्या खोलीत एकटी अशी ती कधी राहिली नव्हती. केम्प्टनला तिनं नाश्त्याच्या टेबलावर कॉफीवर कॉफी घेतली, कारण ‘आटप’ म्हणणारं कुणी नव्हतं. प्फ्रोन्टेनला दुपारभर खिडकीशी बसून समोरचा डोंगर ढगात जाताना आणि परत येताना बघितला. आणि आज रविवार, दुपारचा ऑपेरा. आयुष्यातला पहिला.

नवरा, उल्हास, मुलाला घेऊन आपल्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेला होता. डोंगर बघायला जातेय, एवढंच तिनं त्याला सांगितलं होतं. ऑपेराचं नाव काढलं असतं तर तो हसला असता. गाण्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे तो चारचौघांत मोठ्या अभिमानानं सांगायचा. लग्नाआधी ऊर्मिला गुरूंकडे गाणं शिकलेली, बैठकी केलेली. लग्नानंतरच्या बैठकींना तो मागं बसून डुलक्या काढायचा. ऑपेराबद्दलही त्याचं मत पक्कं होतं, मरायला टेकलेली बाई अर्धा तास किंचाळते आणि लोक पैसे देऊन ऐकतात. नेकारसुल्मला आल्यावर ती काही वर्षं सकाळी रियाज करत असे. मग शेजाऱ्यांनी भिंत वाजवली. मग उल्हास म्हणाला, जरा हळू. मग लहानगा वेदसुद्धा जर्मनमध्ये तेच म्हणाला, “आई, बिटे, लाइझ.” हळू म्हणता म्हणता एके दिवशी रियाज थांबला, आणि तो थांबल्याचं कुणी बोललंही नाही.

तिकीट तिनं फोनवर काढलं होतं. नाव विचारल्यावर सवयीनं उल्हासचंच सांगितलं. वीज, इंटरनेट, घरभाडं, सगळं त्याच्याच नावावर, मग तिकीट तरी वेगळं कशाला? त्यावर पलीकडची बाई एकदम खुलली आणि इकडच्या डोंगराळ जर्मनमध्ये भराभर काहीतरी म्हणाली. नेहमीचीच जागा ना, असं काहीसं. सौजन्यानं बोलत असेल बिचारी, असं समजून ऊर्मिला म्हणाली, “या, गेनाऊ.” हो, अगदी बरोबर. फोनवर अर्धंमुर्धं कळलं की ती हेच म्हणायची, आणि आजवर त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

सातव्या रांगेतली माणसं तिला वाट द्यायला उभी राहिली. इथल्या रीतीप्रमाणे त्यांच्याकडे तोंड करून, प्रत्येकाला हसून ती आपल्या खुर्चीपर्यंत सरकत गेली. शेजारी पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी आधी साडीकडे पाहिलं, मग खुर्चीच्या आकड्याकडे.

“ही हेर दाभाडेंची जागा आहे,” त्या म्हणाल्या.

“मीही दाभाडेच,” ऊर्मिला म्हणाली. आपलं आडनाव या बाईंच्या तोंडी कसं, आणि तेही ‘हेर’ म्हणजे श्रीयुत लावून, हे तिला कळेना.

“आह! बहीण!” बाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. “मी फ्राऊ रीडल. तीन वर्षं आम्ही शेजारी बसतोय. रविवारचा आबो आहे ना आमचा.”

आबो म्हणजे वर्षभरासाठी एकच खुर्ची राखून ठेवणं. तेवढं ऊर्मिलाला माहीत होतं. ती काही बोलणार तोच दिवे मंद झाले.

पहिल्या अंकात रंगमंचावर कोण आलं नि कोण गेलं, तिला कळलं नाही. फोनवरची ती ‘नेहमीची जागा’ उल्हासची, हे मात्र आता कळलं. उल्हासचं या भागातल्या एका सप्लायरकडे ऑडिट असायचं. सोमवारी सकाळी लवकर सुरू होतं म्हणून तो रविवारीच घर सोडायचा. रविवारी सकाळी लवकर उठून ती पोळ्या आणि बटाट्याची भाजी करून डबा द्यायची, गाडी हळू चालव म्हणायची. तो सांगायचा, तिकडे आहे काय, गाई आणि गारठा. तीन वर्षं. बरोबर कोण असेल? ऑफिसातली असेल. जर्मन असेल की आपलीच? ती अंधारात पुढच्या-मागच्या रांगांतल्या बायकांचे चेहरे निरखत राहिली.

मध्यंतरात फ्राऊ रीडलनी तिच्यासाठी सफरचंदाचा रस आणला. दोघी उंच टेबलापाशी उभ्या राहिल्या.

“तो,” ऊर्मिलानं विचारलं, “एकटाच येतो?”

“एकटेच. नेहमी.”

तिचा जीव भांड्यात पडला. आपल्याच संशयाची तिला लाज वाटली.

“दुसरं कोण येणार?” फ्राऊ रीडल म्हणाल्या. “पत्नी गेल्यापासून.”

“गेल्यापासून?”

“आल्झो, म्हणजे, चूक माझीच. पहिल्याच रविवारी मी विचारलं, पत्नीला का नाही आणलंत? तर म्हणाले, ती वारली. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं!”

ऊर्मिलानं ग्लास टेबलावर ठेवला. तो कडेवर टेकला, कलंडला, आणि रस निऱ्यांवरून ओघळला. फ्राऊ रीडल कागदी रुमालांसाठी धावल्या. ऊर्मिला उभीच होती. ‘तिला आवडत नाही,’ असं उल्हासला म्हणता आलं असतं. घरी मुलाजवळ असते, असंही चाललं असतं. म्हाताऱ्या बाईचा एक साधा प्रश्न चुकवायला या माणसानं आपल्याला मारून टाकलं होतं, आणि सोमवारी संध्याकाळी घरी येऊन आपल्या हातचा वरणभात खाल्ला होता.

“पण फार जीव होता त्यांचा तिच्यावर,” साडी टिपता टिपता फ्राऊ रीडल सांगू लागल्या. “सकाळी ती गायची ना, तेव्हा हे दाराआड उभे राहून ऐकायचे म्हणे. तिला कधी सांगितलं नाही. मग आवाज बंद झाला आणि घर खायला उठलं. म्हणून मी इथं येतो, म्हणाले. खरंच इतकी सुंदर गायची?”

“बरी गायची,” ऊर्मिला म्हणाली.

“आणि किती टापटीप माणूस! ती पिवळी बटाट्याची भाजी मला डब्यातली देतात. स्वतः पहाटे उठून करतात.”

इथं मात्र ऊर्मिलाला हसू फुटलं. मारलं ते मारलं, भाजीसुद्धा आपल्या नावावर करून घेतली. एवढ्या वर्षांच्या संसारात ज्याच्या तोंडून गाण्याबद्दल एक बरा शब्द निघाला नाही, त्यानं सगळं कौतुक एका मेलेल्या बाईवर उधळलं होतं. तिला त्या बाईचा हेवा वाटला. अगदी सवतीचा वाटावा तसा.

शेवटच्या अंकात नायिका अंथरुणावर पडली आणि गाऊ लागली.

“इथं रडतात ते,” फ्राऊ रीडल कुजबुजल्या. “कुठलाही ऑपेरा असो, ती मरायला लागली की यांचे डोळे भरलेच.”

रंगमंचावरच्या बाईचा आवाज वर चढला, तिथं थांबला आणि दिव्याची वात खाली करावी तसा उतरत गेला. अशाच सुरासाठी ऊर्मिला इतक्या दूर आली होती. सूर लागला, आणि तिला तो ऐकता आला नाही. त्या खुर्चीत बसून डोळे पुसणारा उल्हासच तिला दिसत राहिला. स्वतःसाठी म्हणून राखलेला एवढा एक दिवस, तोही त्यानं आधीच येऊन घेतला होता. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले तेव्हा तीही उभी राहिली.

गार्डरोबमध्ये ती वाकून बुटांच्या नाड्या बांधत होती. फ्राऊ रीडल कोट चढवून जवळ येऊन थांबल्या.

“एक विचारू? त्यांना विचारायचा मला कधी धीर झाला नाही. कशानं गेली ती? आजारी होती?”

ऊर्मिलानं वर पाहिलं. ‘मीच ती’ म्हणणं सोपं होतं. पण बाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, त्या मेलेल्या ऊर्मिलासाठी. दुसरं कुणी तिच्यासाठी इतकं हळहळल्याचं तिला आठवेना.

“नाही,” ती म्हणाली. “हळूहळू गेली.”

“आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?”

“नाही आलं.”

फ्राऊ रीडलनी तिला जवळ घेतलं आणि भावाला नमस्कार सांगायला सांगितलं.

बसथांब्यावर वारा झोंबत होता. डोंगरांवर अजून उजेड होता. तेवढ्यात फोन वाजला. पुण्यात झोपायची वेळ झाली होती, त्याआधी उल्हास रोज फोन करायचा.

“अगं, आहेस कुठं? दुपारभर फोन बंद. आई विचारत होती.”

“कशा आहेत?”

“आज वॉकर घेऊन चालली. तुझं काय? झाले का डोंगर बघून? कंटाळली असशील एकटी.”

“एकटी नव्हते. फ्राऊ रीडल होत्या शेजारी.”

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला,

“ऊर्मिला, माझं ऐक. मी सांगतो तुला...”

“त्या विचारत होत्या, बायको कशानं गेली.” वळणावर बसचे दिवे दिसले, तशी तिनं पिशवी खांद्यावर घेतली. “मी सांगितलंय, हळूहळू गेली. तुला विचारलं तर तूही तेच सांग.”